पुंजा पाटकऱ्याचा सत्कार

पुंजा गेला तेव्हा गावानं त्याची शोकसभा घेतली. २००८ सालचा डिसेंबर होता. ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला, माईक आणला, आणि पाणी वापर संस्थेचे चेअरमन धनराज आबा बोलायला उभे राहिले. "पुंजा म्हणजे त्याग. मिळालेली जमीन त्यानं गावासाठी हसत हसत परत केली. असा माणूस पुन्हा होणे नाही." लोक माना डोलवत होते. मग आबांनी सांगितलं, आता वाल्मीक गुरुजी दोन शब्द बोलतील.

वाल्मीक गुरुजी म्हणजे मी. उठलो, माईकपर्यंत गेलो आणि काही न बोलता परत येऊन बसलो. लोकांना वाटलं, गुरुजींना गहिवरून आलं. गहिवर कसला? माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. हसत हसत म्हणे! पुंजा हसला नव्हता. मी तिथं होतो.

सभेत जे तोंडातून निघालं नाही ते आता कागदावर लिहितो. उशिरा लिहितो आहे, हे मला कळतं.

आमचं गाव सटाण्यापासून सात-आठ किलोमीटरवर, नदीच्या काठाला. नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथंच राहायचं आहे. नदीवर जुना दगडी बंधारा आहे, कुणी बांधला ते कुणालाच ठाऊक नाही. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखाली जमिनीचे चार मोठे पट्टे आहेत. त्यांना आम्ही फड म्हणतो. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असेल त्या वर्षी एक अख्खा फड कोरडा ठेवायचा. बहुतेकांचे तुकडे चारही फडांत विखुरलेले असल्यामुळे झळ बसली तर सगळ्यांना सारखी बसते. ज्यांनी ही रीत घातली ते शाळेत गेले नसतील, पण माणूस त्यांनी नीट वाचलेला होता.

त्यांचा सगळ्यांत मोठा शहाणपणा वेगळाच. आपल्या शेतात आपण पाणी धरायचं नाही. पाटाच्या पाण्याला हात लावायचा तो फक्त पाटकऱ्यानं, आणि पाटकरी बिनजमिनीचा हवा. ज्याचं फडात टीचभर वावर आहे त्याच्या हाती पाटाचं फावडं द्यायचं नाही. माणूस कितीही देवमाणूस असला तरी स्वतःचं पीक माना टाकताना पाहून त्याचा हात वाकडा पडणारच, हे जुन्या लोकांनी धरूनच ठेवलं होतं. पाटकऱ्याच्या पोटाची काळजी गावानं घ्यायची, सुगीला ज्यानं त्यानं त्याच्या घरी धान्य पोचवायचं.

पुंजा आमच्या गावच्या भिल्ल वस्तीतला. त्याचा आजा पाटकरी, बाप पाटकरी. मी १९९१ साली बदली मागून घेऊन गावच्या शाळेत आलो तेव्हा तो पंचेचाळिशीचा असेल. काटक, कमी बोलणारा, पाटावर कायम अनवाणी. तळपायाला लागणाऱ्या पाण्यावरून तो सांगायचा की वर कुठंतरी पाट फुटलाय. पाणी तो आधी शेपटाला द्यायचा, म्हणजे पाटाच्या अगदी शेवटच्या वावराला, आणि तिथून एकेक वावर वर सरकत यायचा. शेवटच्याला मिळालं म्हणजे मधल्यांना मिळणारच, हा त्याचा साधा हिशेब.

माझीही दोन एकर जमीन दुसऱ्या-तिसऱ्या फडात. नवा नवा होतो, गुरुजी होतो, थोडी ऐटही होती. एकदा कांद्याला पाणी चालू असताना त्याला म्हटलं, "पुंजाभाऊ, दहा मिनिटं जास्त राहू दे. कोण बघतंय?"

त्यानं फावड्यानं माझ्या वावराचं तोंड बंद केलं. मग म्हणाला, "गुरुजी, शाळामा घंटा व्हयनी का पोऱ्या दहा मिनटं जास्ती बसतस का?"

मला राग आला. घरी गेल्यावर हसू आलं. त्यानंतर मी त्याला कधी काही मागितलं नाही.

धनराज आबांनी मात्र मागितलं. शहाण्णव साली त्यांनी पाटाच्या तोंडाशीच, पण फडाच्या बाहेर, द्राक्षबाग लावली. विहिरीचं पाणी पुरेना. पाट तर कुंपणाला खेटून वाहतो. आबांनी पुंजाला बोलावून घेतलं, चहा पाजला, आणि आठवड्यातून एकदा तासभर पाणी बागेकडे वळव म्हणाले. पुंजानं चहा संपवला, कप विसळून पालथा घातला.

"आबा, फडमा तुमनं जेवढं वावर शे, त्याले टायमावर पानी देस. फडबाहेर पानी जावाव नही."

"अरे, कोनाले समजी?"

"माले समजी," पुंजा म्हणाला.

हे मला खुद्द आबांनीच सांगितलं, आणि सांगताना ते हसत होते. त्या हसण्यावर मी विश्वास ठेवला. बिनजमिनीचा एक माणूस पंचवीस एकरवाल्याला 'नाही' म्हणतो आणि पंचवीस एकरवाला हसून सोडून देतो, असं जगात कुठं घडत नाही, हे मला पन्नाशीत कळायला हवं होतं.

नव्व्याण्णव साली पाणी वापर संस्था निघाली. आबा चेअरमन, आणि अक्षर बरं म्हणून मी सेक्रेटरी. त्याच सुमाराला माझा मुलगा हर्षल आबांच्या पतसंस्थेत नोकरीला लागला. ही गोष्ट पुढं लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून टाकतो.

२००१ च्या फेब्रुवारीत संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी नाशिकला नेतृत्व विकास शिबिर होतं. मुंबई नाक्याजवळचा हॉल, गारेगार हवा, पाण्याच्या बाटल्या. टाय लावलेला एक वक्ता आला. म्हणाला, पाण्याचं व्यवस्थापन शेवटच्या शेतापासून सुरू करा, ही नवी विचारसरणी आहे. खरा नेता सगळ्यांत शेवटी जेवतो, म्हणाला. सगळे खाली माना घालून लिहीत होते. मला पुंजाचे भेगाळलेले पाय आठवत होते आणि मनातल्या मनात गंमत वाटत होती. मग तो म्हणाला, आपल्या माणसांचा सन्मान करा, चारचौघांत करा, सन्मान केलेला माणूस कधी विरोधात जात नाही. हे वाक्य आबांनी डायरीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. शेजारी बसून मी पाहिल्या त्या रेघा.

परतताना चांदवडच्या घाटात आबा म्हणाले, "गुरुजी, आपण पुंजाचा सत्कार करू. मानपत्र तुम्ही लिहा. चांगलं लिहा, तुमची भाषा गोड आहे."

मला गलबलून आलं. वाटलं, शिबिरानं माणूस बदलला. माझ्यासारखा मूर्ख मीच. आठ दिवस खपून मी मानपत्र लिहिलं. 'जलदेवतेचे निष्काम पुजारी', 'समतेचा मूक पाईक', काय काय लिहिलं! सटाण्याहून सोनेरी चौकट करून आणली.

एक मे रोजी शाळेच्या पटांगणात कार्यक्रम झाला. तालुक्याचे पाहुणे, हार, ढोल. पुंजाला खुर्चीवर बसवलं तेव्हा पाय कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. मी मानपत्र वाचलं. त्यातले निम्मे शब्द त्याला कळले नसतील. शाल झाली, नारळ झाला. मग आबांनी माईक हातात घेतला. "या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची शेतं भिजवली. आज मी माझ्या चौथ्या फडातली अर्धा एकर जमीन पुंजाला देतो आहे. आजपासून पुंजा मालक."

टाळ्यांनी पटांगण दणाणलं. पुंजा उठला, दोन पावलं मागं सरकला. "नको, आबा. माले नको." माईकजवळ मी होतो, मला ऐकू आलं. टाळ्यांत बाकी कुणाला नाही. त्यानं बायकांच्या बाजूला पाहिलं. त्याची बायको सिंधुबाई तिथं बसली होती. जन्मभर लोकांचं निंदलं-खुरपलं त्या बाईनं. आपलं म्हणून चार वाफे असावेत, त्यांत आपल्या हातानं गहू पेरावा, एवढी तिची एकच हौस होती, आणि वस्तीत सगळ्यांना ती माहीत होती. तिच्या चेहऱ्यावर त्या घडीला जे उमटलं ते मी कधी विसरणार नाही. ते पाहून पुंजानं हात पुढं केले आणि आबांनी दिलेला जमिनीचा कागद घेतला.

त्याची चूक झाली असेल तर ती एवढीच. बायकोचं तोंड पाहून त्यानं हात पुढं केला.

पाचव्या दिवशी संस्थेची बैठक. आबा फार दुःखी दिसत होते. म्हणाले, "आता एक अडचण आहे. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. फडात ज्याचं वावर, त्याच्या हाती फावडं नाही. पुंजा आता मालक झाला. मला वाईट वाटतं, पण वाडवडिलांची रीत माझ्यानं कशी मोडवेल?"

मी ठराव लिहीत होतो. पेन थांबलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. चार शिव्या देऊन काढलं असतं तर गाव पेटलं असतं. हार घालून काढलं तर गाव टाळ्या वाजवतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तो केस माझ्या मानपत्राचा होता. फावडं भिकाकडे गेलं. भिकाही बिनजमिनीचा, नियमात चोख बसणारा, फक्त राहायला आबांच्या मळ्यात होता.

मी पुंजाच्या झोपडीत गेलो. म्हटलं, तू भांड, मी तुझ्या बाजूनं उभा राहतो. तो फावड्याचा दांडा तेल लावून पुसत होता, भिकाला द्यायचं म्हणून.

"भांडाले काय शे, गुरुजी? हाऊ नियम मना आजाना शे. मना टायमाले बरोबर व्हता, मंग आते बी बरोबरच."

पुढचं कुणीही सांगेल. भिकानं पहिल्याच महिन्यात पाटाच्या तोंडाला पाइप टाकून बागेला पाणी काढलं. आबांच्या द्राक्षांचे मणी लिंबाएवढे झाले. शेपटाची वावरं मात्र तहानलेली, आणि चौथ्या फडातलं अगदी शेवटचं वावर कुणाचं? पुंजाचं. आबांनी जमीन कुठली दिली होती, ते आता नीट ध्यानात आलं.

त्या हिवाळ्यात सिंधुबाईनं गहू पेरला. पहिली दोन पाणी कशीबशी झाली. गहू पोटरीला आला, दाणा भरायला एकच पाणी हवं होतं. ती रोज सकाळी मजुरीला जाण्याआधी बांधावर येऊन उभी राहायची. घरी सुगीचं धान्य आता येत नव्हतं, पाटकऱ्याचा मान भिकाकडे गेला होता ना.

एक दिवस शाळा सुटल्यावर मी तिकडून चाललो होतो. भिका सटाण्याच्या बाजाराला गेलेला, वरचा पाइपही बंद. त्यामुळे पाटात पाणी आलं होतं, शेपटापर्यंत आलं होतं. पुंजाच्या वावराच्या तोंडाशी हातभर मातीचा बांध आणि त्याला लागून पाणी. आत गहू पिवळा पडलेला. पुंजा बांधावर उकिडवा बसला होता.

"अरे, बघतोस काय? एक ढेकूळ काढ!"

"मालकनी पानीले हात लावाना नही, गुरुजी."

"कुठला मालक घेऊन बसलास? तिकडे तुझ्या नाकासमोर चोरी चाललीय आणि तू—"

"त्या करतस ते त्यासनं." तो पाण्याकडेच पाहत होता. "मी हात लावा ते मंग कोनाले नही म्हनता येवाव नही."

मी चपला काढल्या. म्हटलं, बस तू, मी काढतो. त्यानं माझा हात धरला. त्याआधी किंवा त्यानंतर त्यानं कधी मला हात लावला नाही.

"तुमले बी वावर शे," तो म्हणाला.

संध्याकाळी ते पाणी नदीला जाऊन मिळालं. गहू वाळला. सिंधुबाईनं तो उपटून शेळ्यांना घातला. नवऱ्याला ती एका शब्दानं बोलली नाही. मला मात्र वाटेत गाठून म्हणाली, "एक पानी भेटतं ना गुरुजी, ते गहू हातमा येता." तुम्हीच ते मानपत्र वाचलं होतं, असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी पाऊस ओढला. ऑक्टोबरातच पाणी कमी पडलं. शेपटाकडचा लहानू, शांत माणूस, एके दिवशी स्वतः फावडं घेऊन पाटावर गेला आणि भिकाला आडवा केला. भिकाचं डोकं फुटलं, लहानूचा हात मोडला. त्या दिवसापासून जो तो आपल्या वावरात आपण पाणी धरू लागला. आठवड्यात चार भांडणं, एक पोलीस केस, आणि कुणीतरी आबांचा पाइपही कुऱ्हाडीनं तोडला. पुंजाच्या हातचं फावडं गेल्यापासून दीड वर्षात फड मोडकळीला आला. तेव्हा गावाला पुंजा आठवला. पाइप तुटल्यावर तो आबांनाही आठवला.

मंडळी पुंजाकडे गेली. तो म्हणाला, येतो. पण त्याला वावर आहे, त्याचं काय, असं मंडळींतल्या एकानं विचारलं. मग पुंजाच म्हणाला, परत करतो, गुरुजींना कागद लिहायला सांगा.

कागदासाठी मी तलाठ्याकडून सातबारा काढला. आणि कार्यालयाच्या पायरीवरच बसलो. उताऱ्यावर नाव धनराज आबांचंच होतं. पुंजाचं नाव कधी लागलंच नव्हतं. स्टेजवर दिला तो कागद म्हणजे नुसता संस्थेच्या लेटरहेडवरचा मजकूर! ज्या मालकीपायी त्याच्या हातचं फावडं गेलं, दीड वर्ष चूल अर्धी पेटली, ती मालकी कधी झालीच नव्हती.

मी धावत वस्तीवर गेलो. सातबारा पुढं धरून सगळं सांगितलं. पुंजानं सगळं ऐकून घेतलं. सिंधुबाई दारात तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

पुंजा म्हणाला, "कागदवर नव्हतं व्हई. गावम्होरे दिन्हं व्हतं ना? मंग ते मनंच व्हतं. मनं शे ते परत देस." माझं आहे ते परत देतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यावर बैठक झाली. पुंजानं सगळ्यांसमोर ते लेटरहेड आबांच्या हातात दिलं आणि फावडं मागितलं. आबा म्हणाले, "वा, पुंजा! केवढं मन!" मग काय, जो तो त्याच्या मनाचं माप काढू लागला. त्यागी काय, संत काय. साठ-सत्तर माणसं होती तिथं. त्यांतल्या एकानंही म्हटलं नाही, की पुंजा, जमीन राहू दे तुला, तिचं पाणी आमच्यातला एक जण धरील; किंवा सुगीला आम्ही तुला दुप्पट धान्य देऊ; किंवा निदान आबांना विचारलं नाही, की तुम्ही बागेला पाणी कुठून काढत होता. रीत होती ना! ती पुंजासाठी दोनदा पाळली, एकदा त्याला काढायला आणि एकदा जमीन काढून घ्यायला. आबांच्या पाइपाला ती कधी आडवी आली नाही.

आणि माझ्या खिशात तो सातबारा होता. बाहेर काढून वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी खिशात हात घातलासुद्धा. समोर आबांच्या मागं माझा हर्षल उभा होता, त्यांची फाइल धरून. मी हात तसाच बाहेर काढला. आबांना मी कितीही नावं ठेवली तरी ही गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आबांनी जे केलं ते लोभानं केलं. आम्ही सगळ्यांनी जे केलं ते नुसतं गप्प बसून केलं, आणि त्याला काहीच कष्ट पडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटावर गेलो. झोप लागली नव्हती. पुंजा अनवाणी, खांद्यावर फावडं, रीतीप्रमाणे शेपटाला आलेला. चौथा फड, शेवटचं वावर. पुंजानं परत करतो म्हटल्याबरोबर आबांनी तिथं घाईघाईनं हरभरा टाकून घेतला होता. पुंजानं वावराच्या तोंडावरची माती ओढली आणि पाणी आत शिरलं. तो पाण्याबरोबर आत चालत गेला. जिथं उंचवटा होता तिथं वाट करून दिली, कोपऱ्यात पाणी पोचत नव्हतं तिथं वाकून हातानं माती सारली. एक ढेकूळ कोरडं राहू दिलं नाही. गेल्या हिवाळ्यात या वावराला एवढं मिळालं असतं तर सिंधुबाईच्या घरात गव्हाचं पोतं आलं असतं.

ती बांधावर उभी होती. मजुरीला निघाली होती, हातात खुरपं. पाणी शेवटच्या सरीला टेकेपर्यंत ती तिथून हलली नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, "पुंजाभाऊ, या वावराला तू आज हात कसा लावतोस रे?"

त्यानं वावराचं तोंड बंद करून माती पायानं दाबली.

"आते लावता येस, गुरुजी," तो म्हणाला. "आते ते मनं नही."

आणि फावडं उचलून वरच्या वावराकडे गेला.